वगळलेले एक्केचाळीस

तपासलेले तीनशे बारा. वगळलेले एक्केचाळीस.
तक्ता क्रमांक एक, शेवटून दुसरी ओळ.
कारणाच्या रकान्यात डॉ. खासगीवाल्यांनी लिहिलं:
श्वासाची हालचाल.
बाई मुळातच कमी बोलतात.

मी तंत्रज्ञ. माझं नाव पेपरात अगदी खाली, आभारात.
सव्वा वर्ष मी त्या गार खोलीत स्वेटर घालून बसलो,
बाहेर इंदूर उन्हानं भाजत असतानाही.
प्रश्न साधा होता. किरणं निम्मी केली
तर यकृतातला हरभऱ्याएवढा डाग दिसतो का?
दिसतो. बहुतेकदा.
फक्त पोट स्थिर हवं, आठ-दहा सेकंद.

माणसं उपाशी यायची,
देपालपूरहून, महूहून, पहिल्या बसनं.
फाटकाबाहेर गाडीवर पोहे वाफाळत असायचे
आणि मी त्यांना लिटरभर पाणी पाजायचो,
घोट घोट, तासभर.
मंगळसूत्र, करगोटा, कमरेची किल्ली
पाकिटात. पाकिटावर नंबर.
शिरेतून औषध गेलं की अंगभर ऊब पसरते.
ते आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर
वाटतं, अंथरूण ओलं झालं,
आणि म्हातारी माणसं ओशाळून उठून बसतात.
(नंबर एकोणीस. नंबर दोनशे चार.)

मग यंत्र बोलतं.
सांस लीजिए. सांस रोकिए.
कुणा तिऱ्हाईत बाईचा आवाज,
गाडी उशिरा असल्याचं सांगणारा असतो तसा,
कधी न थकलेला.

नंबर सत्त्याऐंशी.
नाव सांगणार नाही, तशी सही दिली आहे.
राहायच्या कुठे, तेही नाही.
एवढंच, की मराठी आमच्याकडची,
'येऊन राहिले', 'करून राहिले'वाली.
यंत्र म्हणालं, सांस रोकिए.
त्या म्हणाल्या, हो.

कुणी इतक्या अदबीनं काही सांगावं
आणि आपण गप्प राहावं
हे त्यांच्या घरच्या वळणात बसत नसावं.
त्या एका 'हो'नं पोट हललं.
पडद्यावर यकृताला दोन कडा आल्या,
हलत्या पाण्यात दिव्याला येतात तशा.
डाग आहे की नाही, कुणालाच सांगता येईना.
औषध ओसरायच्या आत पुन्हा घेतलं, नेहमीच्या मात्रेवर.
त्यात काय निघालं ते त्यांचं.
अभ्यासातून बाद.

बाकीचे चाळीस माझ्या वहीत आहेत.
खोकला. खोकला. उचकी.
एकाला ऐकू कमी यायचं, लाजेनं बोलला नाही.
एक पोरगा श्वास रोखता रोखता हसला.
एक बाई आवाज न करता रडत होत्या,
चेहरा कोरडा ठेवला होता,
पोट रडतं, हे मला चित्रात कळलं.
बाविसांपुढे मी काहीच लिहिलेलं नाही.
गर्दीचे दिवस.

परीक्षकांचं पत्र आलं:
वगळण्याची कारणं विस्तारानं द्यावीत.
बाईंनी वही मागितली,
चष्मा कपाळावर सरकवून वाचत गेल्या,
सत्त्याऐंशीपाशी थांबल्या.
'हे हो इंग्रजीत कसं लिहू?'
मी म्हणालो, नका लिहू.
त्यांनी बराच वेळ पेन नुसतंच धरून ठेवलं, मग लिहिलं:
सूचना समजण्यात अडचण.

अडचण कसली. समजली होती,
जरा जास्तच.

आता दुसरा टप्पा सुरू आहे.
यंत्राचा आवाज मी बंद ठेवतो, कुणाला विचारलेलं नाही.
काचेमागून, माइकवर, मीच:
मावशी, श्वास घ्या. धरा. हो म्हणू नका.

त्या मान हलवतात.
हलवू देत.
मान चित्रात येत नाही.